तीन हात लांब नळी आणि एका हकिमाचा नकार

इ. स. १६०४-०५ च्या सुमाराची गोष्ट आहे. दख्खनच्या वकिलातीवरून परतलेल्या एका सरदाराने आणलेले नजराणे अकबर आग्र्यात पाहत होता. त्यांत चांदीच्या तबकात मांडलेली एक वस्तू त्याच्या नजरेस पडली. तीन हात लांबीची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचार फुटांची, नीट वाळवून रंगवलेली एक नळी. तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम. तोंडात धरायच्या टोकाला येमेनी अकिकाचा लंबगोल मणी. सोबत पेटवण्यासाठी सोन्याचे पात्र. नळी ठेवायला चांदीचे नळकांडे आणि त्यावर जांभळ्या मखमलीचे आवरण. शेजारी एक सुबक चंची. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने भेट दिलेली. चंचीत तंबाखू होती.

ही वस्तू आणणाऱ्याचे नाव असद बेग. त्या दिवशी दरबारात या लांब नळीविषयी आणि तिच्यातून ओढायच्या पानाविषयी जी मते व्यक्त झाली, ती त्याने आपल्या फार्सी वृत्तान्तात नोंदवून ठेवली आहेत. एलियट आणि डाउसन यांच्या ‘हिस्टरी ऑफ इंडिया ॲज टोल्ड बाय इट्स ओन हिस्टॉरियन्स’ या संग्रहाच्या १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या सहाव्या खंडात या वृत्तान्तातील काही भागांचे इंग्रजी भाषांतर आहे, आणि आपल्या विद्यापीठांतून हा प्रसंग पोहोचतो तो प्रामुख्याने त्या वाटेने.

तंबाखूचा इतिहास सांगताना हा उतारा बहुधा अकबराच्या उदार बुद्धीचा पुरावा म्हणून उद्धृत होतो. हकीम जुन्या ग्रंथांना चिकटलेला, असद बेग नव्याचा स्वागतकर्ता आणि बादशहा विवेकी न्यायाधीश, अशी पात्रयोजना वाचक सहज स्वीकारतो. पण आज, तंबाखूविषयी जे ज्ञात आहे ते लक्षात घेऊन हा प्रसंग पुन्हा वाचला, तर एक अडचण उभी राहते. ज्याचे म्हणणे मागासलेले वाटते त्याचाच निर्णय बरोबर ठरला आणि ज्याचा युक्तिवाद आपल्याला पटतो त्याचा निर्णय घातक निघाला. या अडचणीपासून पळ न काढता उतारा कसा वाचावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वक्ता कोण ते पाहू. असद बेग हा अबुल फजलच्या पदरी अनेक वर्षे राहिलेला माणूस. १६०२ साली शाहजादा सलीमच्या चिथावणीवरून वीरसिंह बुंदेल्याने अबुल फजलची हत्या केली. त्या घटनेची हकिकत असद बेगच्याच लेखनात येते. आश्रयदाता गेल्यावर तो थेट बादशहाच्या सेवेत आला. अकबराने त्याला विजापूरला धाडले ते एका अडकलेल्या कामासाठी. आदिलशहाच्या मुलीचा विवाह शाहजादा दानियालशी ठरला होता, पण तो पार पडण्यास विलंब लागत होता. आधी गेलेला वकील मीर जमालुद्दीन हुसेन तिकडेच रेंगाळला होता. अखेर हा विवाह १६०४ साली पैठणजवळ गोदाकाठी झाला. असद बेग परतला तो पुष्कळ नजराणे घेऊन. बादशहाची मर्जी संपादन करण्याची त्याला निकड होती आणि संधीही होती. तंबाखूचे तबक हा त्या प्रयत्नाचा एक भाग होता. म्हणजे हा वृत्तान्त लिहिणारा माणूस तटस्थ साक्षीदार नव्हे. वादातील तो एक पक्ष आहे आणि, त्याच्याच सांगण्यानुसार, विजयी पक्ष.

आता ती वस्तू पाहू. नळी आचिनहून, म्हणजे सुमात्रा बेटावरील आचे बंदरातून मिळवलेली होती, असे असद बेग सांगतो. मणी येमेनचा. चंची विजापूरची. पान मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या जहाजांवरून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेले आणि तेथून विजापूरच्या बाजारात गेलेले. ‘तंबाखू’ हा आपला शब्दही मूळ पोर्तुगीज ‘ताबाको’चाच वंशज आहे. उत्तरेतला दरबार या पानाला नवखा होता, तेव्हा दख्खनला ते परिचित झाले होते. आपल्या भूगोलाच्या दृष्टीने ही बाब नोंदवण्यासारखी आहे. हिंदी महासागराचा सगळा व्यापार त्या एका तबकात येऊन बसला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या वस्तूत पाण्याचा उल्लेख कोठेही नाही, हेही ध्यानात घ्यावे. तो हुक्का नव्हता. लांब दांड्याची चिलीम होती. हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फत्ह गिलानी याने तंबाखूचा धूर पाण्यातून गाळण्यासाठी लावला, अशी कथा अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. पण अबुल फत्ह १५८९ साली वारला आणि असद बेगची तंबाखू दरबारात आली ती त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. असद बेगच्या वृत्तान्तावर विश्वास ठेवायचा, तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

नळी इतकी लांब असण्याला व्यावहारिक कारण आहे. धूर जितका लांबून येतो तितका तो निवतो आणि ओढणाऱ्याच्या जिभेला चटका कमी बसतो. पण लांबीला सामाजिक अर्थही असतो. तीन हात लांब नळी चालता चालता किंवा काम करताना ओढता येत नाही. ती ओढण्यासाठी बसावे लागते, बैठक लागते, आणि दुसऱ्या टोकाचा विस्तव सांभाळायला बहुधा दुसरा माणूस लागतो. ज्याच्यापाशी फुरसत आणि चाकर आहेत त्याचीच ती वस्तू. शेतावरच्या किंवा गाडीतळावरच्या माणसाची चिलीम मुठीत मावते. तिच्याशी ही नळी ताडून पाहिली की लांबी हे प्रतिष्ठेचे माप कसे बनते ते समजते.

दरबारातील वादात नळीच्या सौंदर्याविषयी कोणी मत दिल्याची नोंद नाही. सर्वांची मते पानाविषयी आहेत. तरीही बादशहाची नजर प्रथम गेली ती तबकावर आणि त्यातील सामग्रीवर; आश्चर्य वाटले ते त्या मांडणीचे. तीच तंबाखू एखाद्या खलाशाच्या मातीच्या चिलमीतून पुढे केली असती, तर तिच्यावर इतकी चर्चा झाली असती का? युक्तिवाद सुरू होण्याआधीच रत्ने, मखमल आणि अकीक यांनी आपले काम केले होते.

आता मतांकडे वळू. बादशहाने ही काय वस्तू आहे असे विचारताच पहिले उत्तर दिले ते खान-इ-आझम मिर्झा अझीझ कोका याने. ही तंबाखू असून मक्का-मदिनेत ती सर्वांना ठाऊक आहे आणि बादशहासाठी औषध म्हणून आणली आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय. अझीझ कोका हा अकबराचा दूधभाऊ. १५९३ साली तो बादशहावर रुसून मक्केला गेला होता आणि पुढच्या वर्षी परतला होता. म्हणजे मक्का-मदिनेचा दाखला त्याने ऐकीव माहितीवर दिला असे मानण्याचे कारण नाही. पण त्या दाखल्याचे कार्य माहिती देण्यापुरते नाही. एका अनोळखी व्यसनाला तो एका वाक्यात पवित्र स्थळांची ओळख आणि औषधाचे नाव मिळवून देतो. नव्या वस्तूला दारातून आत घेताना तिची कुळी अशीच सांगितली जाते.

बादशहाने चिलीम भरायला सांगितली. ओढू लागताच हकीम पुढे आला आणि त्याने मना केले. असद बेगचे मन राखण्यापुरते थोडे ओढले पाहिजे, असे म्हणून अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला आणि त्याने पुढे ओढू दिले नाही. मग खान-इ-आझमनेही दोन-तीन झुरके घेतले. औषधे जाणणाऱ्या अत्ताराला बोलावून गुण विचारले गेले. त्याचे उत्तर मोठे प्रामाणिक आहे. आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही. ही नवी गोष्ट आहे. नळ्या चीनकडून येतात. आणि फिरंगी वैद्यांनी हिची पुष्कळ स्तुती लिहिली आहे. असद बेग नळी आचिनची म्हणतो, अत्तार चीनची म्हणतो. बाजारात मालाचे मूळ गाव दुकानागणिक बदलते, हे तेव्हाही खरे होते.

अत्ताराची माहिती चुकीची नव्हती. लिस्बनमधील फ्रेंच वकील झाँ निको याने १५६० च्या सुमारास तंबाखू औषध म्हणून फ्रान्सच्या दरबारी पाठवली होती. आज ‘निकोटिन’ या शब्दात त्याचेच नाव उरले आहे. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७१ साली छापलेल्या ग्रंथभागात तंबाखूला अनेक व्याधींवरचे औषध ठरवले, आणि १५७७ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. युरोपातील विद्वान वैद्य तंबाखूच्या बाजूने लिहीत होते, हे सत्यच होते.

खरा वाद पेटला तो यानंतर. हकिमाचे म्हणणे दोन भागांचे होते, आणि ते दोन भाग वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. एक भाग असा की ही परीक्षा न झालेली वस्तू आहे, तिच्या गुणांविषयी आम्ही बादशहाला काय सांगणार? तिचा प्रयोग बादशहाच्या देहावर होता कामा नये. दुसरा भाग असा की जी चाल आपल्या ज्ञानी लोकांनी मान्य केलेली नाही ती फिरंग्यांच्या मागे लागून आपण का उचलावी? पहिला भाग सावधपणाचा आहे, दुसरा परंपरेच्या अभिमानाचा. हकिमाने दोन्ही एका श्वासात सांगितले, आणि तेथेच त्याची बाजू दुबळी झाली.

असद बेगने नेमका दुसरा भाग पकडला. जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती; आदमापासून आजवर सगळे रीतिरिवाज हळूहळू निर्माण झाले; ज्ञानी माणसाने वस्तूचे गुणदोष पाहून निर्णय करावा; गुण लगेच दिसतीलच असे नाही, असे त्याचे प्रतिपादन. उदाहरण म्हणून त्याने चोपचिनीचा दाखला दिला. पूर्वी अज्ञात असलेली ही मुळी नव्याने कळली आणि अनेक रोगांवर उपयोगी ठरली. उदाहरण त्या काळच्या श्रोत्यांना पटण्यासारखे होते. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या प्रसिद्ध ग्रंथात चोपचिनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. फिरंग रोगावरचा उतारा म्हणून तिची ख्याती युरोपपर्यंत पसरली होती.

अकबर प्रसन्न झाला. परदेशच्या ज्ञानी लोकांनी स्वीकारलेली गोष्ट आपल्या पुस्तकांत सापडत नाही एवढ्याच कारणावरून टाकून देऊ नये, नाहीतर आपले पाऊल पुढे कसे पडेल, अशा अर्थाचे उद्गार त्याने खान-इ-आझमला उद्देशून काढले. हकीम आणखी बोलू पाहत होता, पण बादशहाने त्याला थांबवले. एका धर्मगुरूला बोलावण्यात आले. त्यानेही तंबाखूचे गुण सांगितले. हकीम मात्र शेवटपर्यंत बधला नाही.

बादशहाच्या त्या उद्गारावर थोडे थांबले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरात तेथे ‘प्रोग्रेस’ हा शब्द आला आहे. तो शब्द वाचताच आपल्या मनात एक संपूर्ण विचारव्यूह जागा होतो: पुढे जाणारा इतिहास, मागे खेचणारी परंपरा, त्यांच्यातला संघर्ष. पण हा व्यूह भाषांतरकाराच्या काळाचा आहे. मूळ फार्सी वाक्याशी ताडून पाहिल्याखेरीज त्या एका शब्दाच्या आधारे अकबराला व्हिक्टोरियन प्रगतिवादाचा प्रवक्ता ठरवू नये, एवढे पथ्य साहित्याच्या विद्यार्थ्याने पाळावयास हवे. भाषांतरित साधनांवर आपण जी अनुमाने उभारतो, त्यांतली कितीतरी अशी एखाद्या शब्दावर तोललेली असतात.

आता असद बेगच्या युक्तिवादाची तपासणी करू. ऐकताना तो अनुभववादी वाटतो: ग्रंथ बाजूला ठेवा, वस्तू पाहा, तिचे गुणदोष तपासा. पण त्याने स्वतः तपासले काय होते? फिरंगी लोक इतके मूर्ख नाहीत, त्यांच्यात शहाणे लोक आहेत आणि ते सहसा चुकत नाहीत, हाच त्याच्या बाजूचा आधार होता. म्हणजे त्याने ग्रंथप्रामाण्य नाकारले नाही. एका ग्रंथाच्या जागी दुसरा ग्रंथ ठेवला. हकिमाचे प्रमाण घरचे होते, असद बेगचे दूरचे. दूरचे प्रमाण अनुभवासारखे भासते, कारण त्याच्या त्रुटी आपल्याला दिसत नाहीत. आपल्या समीक्षाव्यवहारातही असे घडते. जुन्या साहित्यशास्त्राचे वचन कोणी उद्धृत केले की ते आपल्याला पोथीनिष्ठ वाटते. पॅरिसच्या एखाद्या विचारवंताचे नाव घेतले की तेच चर्चेला पुढे नेणारे वाटते. प्रमाण बदलले म्हणजे परीक्षा झाली, असा समज दोन्ही ठिकाणी सारखाच असतो.

शिवाय युक्तिवादात एक सूक्ष्म फिरवाफिरव आहे. वस्तू पारखल्याविना तिच्याविषयी निर्णय कसा देता, असे असद बेग हकिमाला विचारतो. पण हकिमाने वस्तू वाईट आहे असा निर्णय दिलेलाच नव्हता. पारख होईपर्यंत थांबा, एवढेच त्याच्या म्हणण्याचे सार होते. पुराव्याचा भार नवी वस्तू आणणाऱ्यावर असतो. तो असद बेगने सफाईने विरोधकावर ढकलला, आणि सभेच्या ते लक्षात आले नाही. निदान असद बेगच्या लेखणीतून तरी ते लक्षात आलेले दिसत नाही.

चोपचिनीच्या उदाहरणाचेही पुढे काय झाले ते जाणून घेण्यासारखे आहे. फिरंग रोगावरील उपाय म्हणून तिची जी कीर्ती होती ती कालांतराने ओसरली. ज्या नव्या औषधाच्या यशावर असद बेगने तंबाखूची बाजू उभी केली, त्या औषधाचा दावाच टिकला नाही.

हकिमाच्या अस्वस्थतेला आणखी एक संदर्भ देता येतो. हा दरबार व्यसनांनी पोळलेला होता. अकबराचा मुलगा मुराद १५९९ साली दख्खनच्या मोहिमेवर असताना अतिमद्यपानाने गेला होता, आणि विजापूरच्या राजकन्येचा वर दानियाल हाही, विवाहाला फार काळ लोटण्याआधीच, त्याच कारणाने बुऱ्हाणपुरात मरण पावला. तिसरा मुलगा सलीम, पुढचा जहांगीर, याने आपल्या मद्यपानाचा हिशेब स्वतःच आत्मचरित्रात दिला आहे. अशा घरातल्या वैद्याने, दख्खनहूनच आलेल्या एका नव्या नशेच्या पदार्थाला पाहून ‘आधी परीक्षा होऊ द्या’ असे म्हणावे, यात जुनाटपणा शोधण्याची गरज नाही. असद बेगने हा संदर्भ दिलेला नाही. पण प्रसंग वाचताना तो आपण बाजूला का ठेवावा?

याच सुमारास, १६०४ साली, लंडनमध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूवर एक निनावी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १६१६ मध्ये ती त्याच्या समग्र लेखनात समाविष्ट झाली. तिच्यात हकिमाच्याच दोन्ही सुरांचे मिश्रण आढळते. तंबाखू फुप्फुसांना अपायकारक आहे, हे त्याचे प्रतिपादन आजही मान्य करावे असे आहे. पण त्याचा मोठा रोष वेगळ्याच गोष्टीवर होता. अमेरिकेतील रानटी लोकांची चाल सुसंस्कृत इंग्रजांनी का उचलावी, असे तो विचारत होता. आग्र्याचा हकीम म्हणत होता की फिरंग्यांचे अनुकरण नको. फिरंग्यांचा राजा म्हणत होता की अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे अनुकरण नको. प्रत्येकाच्या दृष्टीने तंबाखू कोणा दुसऱ्याची होती. दोघांचीही आरोग्याची चिंता योग्य होती, आणि दोघांनीही ती परकीयतेच्या तिरस्कारात गुंडाळल्यामुळे तिचे वजन कमी झाले.

जेम्सने केवळ लिहिले नाही. त्याच वर्षी तंबाखूवरील आयात कर पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेला. पण १६०७ मध्ये त्याच्याच नावाने वसलेली व्हर्जिनियातील जेम्सटाउन वसाहत तगली ती तंबाखूच्या पिकावर. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास तेथे लागवडीचा प्रयोग यशस्वी केला, आणि पुढे त्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे श्रम लागले. राजाचे मत तंबाखूच्या विरुद्ध राहिले; राजाचा खजिना तिच्या बाजूने गेला.

आग्र्यातही मताने काही थांबले नाही. असद बेगने तंबाखू आणि चिलमी भरपूर आणल्या होत्या. त्याने काही सरदारांना त्या पाठवल्या, इतरांनी मागून घेतल्या. मग व्यापारी विकू लागले आणि प्रथा झपाट्याने पसरली. बारा-तेरा वर्षांनी, १६१७ मध्ये, जहांगिराने तंबाखूच्या दुष्परिणामांचे कारण देऊन ती ओढण्यास मनाई केली आणि आत्मचरित्रात तसे नमूद केले. इराणच्या शाह अब्बासनेही अशीच बंदी घातली होती. जहांगिराने इराणला पाठवलेला वकील खान आलम मात्र तंबाखूविना राहू शकत नसे; त्याच्यासाठी शहाला सूट द्यावी लागल्याची हकिकत जहांगिरानेच दिली आहे. दोन बादशहांच्या मनाईतून वाट काढण्याइतकी सवय एका पिढीच्या आत घट्ट झाली होती.

त्यानंतर जे झाले ते हकिमाच्या दुसऱ्या मुद्द्याचा निकाल लावणारे आहे. हकिमाला जी चाल परकी वाटत होती ती पाहता पाहता ‘आपली’ झाली. उत्तर हिंदुस्थानात जातीबाहेर टाकण्याला ‘हुक्का-पाणी बंद करणे’ असा वाक्प्रचार रूढ झाला. एकाच नळीतून ओढणे हे एका बिरादरीत असण्याचे चिन्ह ठरले. आपल्याकडे चंची, चिलीम, गुडगुडी यांच्याशिवाय गावच्या पाराचे किंवा वाड्याच्या ओसरीचे वर्णन पुरे वाटत नाही. ग्रामीण कथेतला म्हातारा चंची सोडतो तेव्हा ती कृती वाचकाला मातीतली वाटते. तिच्यामागे पोर्तुगीज जहाज उभे आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या परंपरेच्या नावाने हकीम तंबाखूला विरोध करीत होता, त्या परंपरेनेच तिला पोटात घेतले. आपले आणि परके ही कसोटी किती कुचकामी आहे याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसऱ्या बाजूने असद बेगलाही न्याय दिला पाहिजे. त्याचे तत्त्व सोडून देण्यासारखे नव्हते. त्याच शतकांत, पोर्तुगिजांच्याच वाटेने, त्याच अमेरिकेतून मिरची आली, बटाटा आला, पेरू आणि अननस आले. यांपैकी एकाचाही उल्लेख जुन्या वैद्यकग्रंथांत नव्हता. ‘आपल्या पुस्तकात नाही म्हणून नको’ हा नियम पाळला असता तर मराठी स्वयंपाकघर ओळखूही आले नसते. तेव्हा तत्त्व योग्य, पण ज्या वस्तूच्या बाजूने ते लढवले गेले ती वस्तू घातक, अशी ही स्थिती आहे. चांगला युक्तिवाद वाईट वस्तूच्याही कामी येऊ शकतो. युक्तिवादाच्या आकर्षकतेवरून वस्तूचा गुण ठरत नाही.

हकिमाने मागितलेली परीक्षा अखेर झाली, पण तिला वेळ लागला. १७६१ साली लंडनमध्ये जॉन हिल याने तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातील घातक गाठींची नोंद केली. १७९५ साली जर्मनीत सोमरिंग या शरीरशास्त्रज्ञाने चिलीम ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग अधिक आढळतो असे लिहिले. लांब असो वा आखूड, नळी ओठांवर टेकते ती टेकतेच. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमध्ये, आणि विंडर व ग्रॅहॅम यांनी अमेरिकेत, धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पद्धतशीर अभ्यासाने दाखवला. भारतात तंबाखूजन्य पदार्थांचे नियमन करणारा व्यापक कायदा २००३ साली झाला आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावरील बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. आग्र्यातील त्या दिवसापासून मोजले तर १९५० पर्यंत साधारण साडेतीनशे वर्षे होतात. दरबारात जी परीक्षा बादशहाच्या देहावर होऊ नये म्हणून हकीम आडवा आला, ती एवढा काळ सर्वसामान्यांच्या देहावर होत राहिली. त्यांना वाचवायला कोणी हकीम उभा नव्हता, आणि त्यांच्या हाती रत्नजडित नळीही नव्हती.

अशा उताऱ्यापुढे विद्यार्थी बहुधा विचारतात की मग बरोबर कोण होते. या प्रश्नाचे एका नावात उत्तर देणे म्हणजे उतारा बंद करून ठेवणे होय. हकिमाचा निर्णय बरोबर होता, त्याचे एक कारण बरोबर होते आणि एक कारण चुकीचे होते. असद बेगचे तत्त्व बरोबर होते, पुरावा उसना होता आणि हेतू स्वार्थाचा होता. अकबराने तत्त्वाला दाद दिली, पण सावधपणाची बाजू सांगणाऱ्याला बोलू दिले नाही. भूतकाळातील वादांना पुरोगामी आणि प्रतिगामी असे दोन रकाने पाडून वाचण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्या सवयीने निर्णय, कारण आणि हेतू या तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली जाते. त्या सुट्या करून वाचणे हे काम कंटाळवाणे खरे, पण इतिहासाच्या आणि साहित्याच्या वर्गात शिकवण्याजोगे तेच आहे.

असद बेगच्या पदरात एक श्रेय मात्र टाकावे लागते. विजयाचा वृत्तान्त लिहिताना त्याने दोन गोष्टी लपवल्या नाहीत. इतके सगळे होऊनही हकीम पटला नाही, आणि तरीही तो वैद्य म्हणून चांगला होता, असे त्याने लिहिले आहे. त्या चांगल्या वैद्याचे नाव भाषांतरित उताऱ्यात येत नाही. त्याची बाजू आपल्याला कळते ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या लेखणीतून, आणि तीही अर्धीच, कारण उरलेली त्याला बोलू दिली गेली नाही. दुसरी गोष्ट प्रकरणाच्या अगदी शेवटी एका छोट्या वाक्यात येते. सगळ्या सरदारांनी तंबाखू मागून घेतली, बाजारात ती विकली जाऊ लागली, चाल सर्वत्र पसरली. बादशहाने मात्र ती स्वीकारली नाही. वादात हरलेल्या हकिमाचा सल्ला त्या दरबारात निदान एका माणसाने मानला होता.